पुण्यातून निघणाऱ्या फिशिंग ट्रिपा: पैसे भरण्याआधी काय पाहावं

पुण्यात फिशिंग ट्रिप विकणारे तीन तऱ्हेचे आहेत. पहिले धरणाकाठचे तंबूवाले. पवना, मुळशी, पानशेत, भाटघर अशा ठिकाणी तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, सकाळचे पोहे आणि यादीच्या तळाशी ‘फिशिंग’. दुसरे खासगी तळंवाले. शेतातल्या तळ्यात मासे सोडलेले असतात, तासावर रॉड मिळतो, लागलेला मासा किलोवर विकत घ्यायचा. तिसरे कोकणवाले. शनिवारी पहाटे ताम्हिणी उतरून दिवेआगर, मुरूड नाहीतर हर्णैला जायचं, एक फेरी बोटीची, एक खडकावरची, रविवारी रात्री परत.

तिन्ही प्रकारांचं परीक्षण इथं आहे. जेवण, गादी, संडास-बाथरूम यांना आम्ही मुद्दाम कमी वजन दिलंय, कारण ते कुठल्याही रिसॉर्टच्या खाली लोकांनी लिहिलेलं असतं. फिशिंगच्या पॅकेजची खरी किंमत तीन उत्तरांवर ठरते: पाणी कोणाच्या ताब्यात आहे, त्यातल्या माशावर हक्क कोणाचा, आणि तुम्ही ठरवलेल्या तारखेला तिथं गळ टाकलेला चालतो का. विकणाऱ्याला ही तीन उत्तरं फोनवर देता आली नाहीत, तर पुढचं काही विचारण्यात अर्थ नाही.

आखाडातली ट्रिप घेऊ नका

बुकिंगची सगळ्यात मोठी झुंबड आखाडात उडते. श्रावण लागायच्या आत मासे-मटण उरकून घ्यायचं, सगळ्या ग्रुपला सुट्टी जुळवायची, पावसाचं वातावरण, सगळं एकदम जुळून येतं. आणि नेमके तेच दिवस तिन्ही अंगांनी वाईट असतात. समुद्र बंद असतो, धरणाच्या पाण्याचा भरवसा नसतो, नदीतला मासा अंड्यावर असतो.

समुद्राचं आधी बघू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, तिथं १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागतो, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन तो कडक झाला. त्यापलीकडं केंद्राचा आदेश. वल्ह्याच्या आणि शिडाच्या, इंजिन नसलेल्या होड्यांना बंदीतून सूट आहे. या सुटीचा आधार घेऊन काही जण जूनमध्येही ‘लोकल बोट’ विकतात. बोटीच्या मागं आउटबोर्ड इंजिन लटकत असेल तर ती सूट तिला लागू नाही, मग तुम्ही एक मासा धरा नाहीतर एक टोपली. बंदीच्या काळात बाहेर गेलेल्या नौकेला अपघात झाला तर सरकारी भरपाई मागता येत नाही, हेही लक्षात ठेवा. किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकणं नौकांच्या बंदीत येत नाही. पण जून-जुलैत कोकणातल्या खडकावर उभं राहायचा सल्ला कुठलाही जाणता माणूस देणार नाही, त्यामुळं ही मोकळीक कागदावरच बरी.

आता तारखांचा घोळ. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात आणि मग हंगाम सुरू झाला असं आपण लहानपणापासून ऐकतो. सरकारी बंदी मात्र तिथीवर चालत नाही, इंग्रजी तारखेवर चालते. नारळी पौर्णिमा २०२३ ला ३० ऑगस्टला आली, मधे अधिक श्रावण होता. २०२४ ला १९ ऑगस्ट, २०२५ ला ८-९ ऑगस्ट. म्हणजे ३१ जुलैला बंदी उठल्यावर पौर्णिमेपर्यंत कधी आठवडा जातो, कधी महिना. कायद्यानं १ ऑगस्टला बोट निघू शकते, पण बरेच नाखवे पौर्णिमेची पूजा झाल्याखेरीज पाहुणा बोटीत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण ऑगस्टचा पहिला पंधरवडा समुद्र खवळलेलाच असतो. ‘१ ऑगस्टपासून गॅरंटीड सुरमई’ असं लिहिणाऱ्याला तारीख पाठ आहे, पाणी माहीत नाही.

दुसरी अट तर पुणेकरांच्या लक्षातच येत नाही. मासेमारी नौका आणि प्रवासी नौका या कायद्याच्या दोन वेगळ्या जाती आहेत. मासेमारी नौकेची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडं होते आणि तिच्या अंगावर ‘आयएनडी-एमएच’नं सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असतो. तिकीट घेऊन माणसं बसवायची तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते, किती माणसं बसवायची तो आकडाही त्यात असतो. प्रवासी फेऱ्या पावसाळ्यात साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असतात. गेटवे-मांडवा लाँच असो की जंजिऱ्याची होडी, सगळ्यांना हे लागू. त्यामुळं पर्यटक म्हणून बोटीतून मासे धरायचे तर मासेमारीची आणि प्रवासी फेऱ्यांची, दोन्ही बंदी उठलेल्या असायला हव्यात. हिशेब साधा आहे: सप्टेंबर ते मे.

आता धरणं. पाऊस सुरू झाला की जिल्हाधिकारी धबधबे, धरणांचे काठ, धोकादायक कडे यांच्याभोवती जमावबंदीचे आदेश काढतात. भुशी धरणाच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एक कुटुंब वाहून गेल्यानंतर हे आदेश नुसते फलकावर राहिलेले नाहीत, मावळ आणि मुळशीत पोलीस गाड्या परत फिरवतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. पॅकेजवाल्याला विचारा: आदेश निघाला तर पैसे परत का तारीख बदलून? ‘बघू, ॲडजस्ट करू’ हे उत्तर म्हणजे परत नाही.

आणि माशाचं म्हणाल तर कटला, रोहू, मृगळ हे पावसाच्या पहिल्या मोठ्या लोंढ्यांबरोबर अंडी घालायला वाहत्या पाण्याकडं निघतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. ओढ्यात, शेताच्या बांधावर, बंधाऱ्याच्या खाली ते इतके सहज हाती लागतात की पकडणाऱ्याला कौशल्य लागत नाही. पोटात अंडी भरलेली एक मादी काढली की पुढच्या वर्षीचे हजारो मासे गेले. म्हणूनच जलाशयांच्या ठेक्यांमध्ये या काळासाठी बंदीची अट घातलेली असते. गंमत बघा, श्रावण पाळणारा महाराष्ट्र मासा सोडतो खरा, पण सोडण्याआधी आखाडात जो ताव मारतो तो ऐन विणीच्या तोंडावर.

धरणाकाठचे तंबू: तंबू चांगला, फिशिंग नावापुरतं

या प्रकारात घोळ सगळ्यात जास्त आहे, म्हणून इथं जरा थांबू.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, भाटघर, चासकमान, डिंभे, माणिकडोह ही धरणं जलसंपदा विभागाची. मुळशी टाटांचं. तेच लोणावळ्याच्या वळवण आणि शिरोत्याचं. धरण ज्याचं त्याच्याकडं पाण्याचा आणि पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीचा ताबा. त्या पाण्यातल्या माशाचा हक्क मात्र वेगळा असतो. शासनाच्या जलाशयांमधली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो, आणि ती बहुतेक वेळा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असते. संस्था बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, विकत घेऊन पाण्यात सोडते, ठेक्याची रक्कम भरते, सभासद जाळी लावतात. आता तुम्ही तंबूवाल्याच्या रॉडनं त्या पाण्यातून तीन किलोचा कटला काढलात, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही संस्थेचा मासा नेलात. तंबूवाल्याची परवानगी इथं काहीच कामाची नाही. त्याच्या ताब्यात आहे तो काठावरचा तुकडा, आणि कित्येकदा तोही पूररेषेच्या आतला, म्हणजे संपादित जमिनीवरचा.

योग्य कागद कसा दिसतो ते सांगतो. संस्थेच्या छापील पावती पुस्तकातली पावती, वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, जलाशयाचं नाव, तारीख, तुमचं नाव, किती गळ, घेतलेली रक्कम, खाली सचिवाची किंवा अध्यक्षाची सही आणि शिक्का. तारीख जुनी चालत नाही. जलाशयाचं नाव नसेल तर पावतीचा उपयोग नाही, कारण एकाच तालुक्यात दोन संस्थांची दोन पाणी असतात. पॅकेजवाल्याकडं आगाऊ मागा, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा म्हणा. ज्याचं काम सरळ आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. शंका असेल तर पुण्यातल्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जलाशयाचं नाव सांगितलं की ठेका कोणाकडं आहे आणि बंदीच्या तारखा कोणत्या, दोन्ही कळतं.

जलाशयाप्रमाणं काही ठिकाणं सरळ वगळा. खडकवासल्याचा एनडीएकडचा काठ लष्कराचा आहे, तिथं रॉड घेऊन उतरणं म्हणजे संरक्षण हद्दीत घुसणं. तापोळा-बामणोलीचं पॅकेज पुण्यात खूप विकलं जातं. शिवसागर जलाशय दिसायला सुंदर, पण त्याच्या भोवती कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मासेमारी चालत नाही. भीमाशंकर अभयारण्यातल्या ओढ्यांचंही तेच. बोटवाला ‘काही होत नाही’ म्हणतो, कारण पंचनामा झाला तर रॉड तुमच्या हातात सापडणार असतो. देहूच्या डोहातले मासे श्रद्धेनं राखलेले आहेत. महाडजवळच्या वाळण कोंडीतले महसीरही वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरत नाही. ‘स्पॉट’ म्हणून अशी ठिकाणं दाखवणारा गाइड असेल तर त्याला तिथंच नारळ द्या.

महसीरचा विषय निघालाच आहे. दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी पुण्याच्या पाण्यातून. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि नावात ‘खुद्री’ घातलं. आज मुठेच्या पात्राकडं बघून यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. नदीतला महसीर कमी होत गेला, मग टाटांनी वळवणला बीजोत्पादन केंद्र काढलं, १९७० च्या दशकापासून तिथं अंडी उबवून बोटुकली देशभर गेली. म्हणून मुळशी किंवा लोणावळ्याच्या बाजूला महसीर लागला तर तो सोडायचाच, पावती असो वा नसो. कोणतंही पॅकेज ‘महसीर खायला’ विकत असेल तर ते घेऊ नये. आमच्या मते हा एक मुद्दा बाकीच्या सगळ्या गुणांवर पाणी फिरवतो.

सोडायचा तर नीट सोडा. हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हातानं खवल्यांवरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून उचलू नका, टॉवेलात गुंडाळू नका, दगडावर ठेवून फोटो काढू नका. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून सपाट केलेला असेल तर गळ पाण्यातल्या पाण्यात उलटा फिरवला की सुटतो. मासा तोंड प्रवाहाकडं करून दोन्ही हातांत धरा, शेपटीचा झटका बसेपर्यंत. गळ खोल गिळलेला असेल तर ओढू नका, दोरा तोंडाशी कापा.

पॅकेजमधल्या सामानाचं सांगायचं तर ते बहुतेक ठिकाणी सुमार असतं. आठ-नऊ फुटांचा टेलिस्कोपिक रॉड, त्यावर आधीच भरलेल्या दोऱ्याची रील. रॉड उघडताना टोकाच्या नळीवरची कडी बघा. आतलं चिनीमातीचं कडं निघालेलं असेल तर नुसती तार उरते आणि ती दोरा कापते. रीलमधून हातभर दोरा सोडा. स्प्रिंगसारखा वेटोळं घेऊन राहिला तर तो जुना आहे, मोठ्या माशाची गोष्ट लांबच, फेकतानाच गुंता होईल. मग दोऱ्याला गाठ मारून झटका द्या, गाठीशी तुटला तर बदलून मागा. कटला-रोहूसाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा नायलॉन पुरतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ताणानं सुटायचा ते ठरवणारा स्क्रू, घट्ट पिळलेला देतात, तो सैल करून घ्या, हातानं ओढल्यावर दोरा कुरकुरत सुटला पाहिजे. नाहीतर चार किलोचा मासा पहिल्याच धावेत दोरा तोडून गळासकट जातो आणि पुढं त्याचं काय होतं ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

आमिष म्हणून बहुतेक जण पाव देतात. पाव दोन मिनिटांत विरघळतो. त्यापेक्षा पाव किलो कणकेत शंभर ग्रॅम शेंगपेंड बारीक करून मिसळा, चिमूटभर हिंग, पाणी अगदी कमी, पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. लिंबोळीएवढी गोळी गळाचं टोक झाकेल इतकीच लावा. तळापासून वीतभर वर ठेवलं तर रोहू-मृगळ, कटल्यासाठी वरच्या पाण्यात. तो वरच्या थरात चरणारा मासा आहे, तळाशी आमिष टाकून बसलात तर दिवस सायप्रिनसवर (कॉमन कार्पवर) जाईल.

हंगामाचं म्हणाल तर धरणांवर ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले, पाणी निवळलेलं असतं, मासा पावसात पोसलेला असतो. जानेवारीच्या कडाक्यात कटला-रोहूचं खाणं मंदावतं. पहाटे पाचला उठवून काठावर बसवणारं पॅकेज तेव्हा निरर्थक आहे, ऊन चढल्यावर, अकरानंतर बसा. मार्च ते मे पाणी उतरलेलं असतं, मासा जुन्या नदीपात्राच्या खोल पट्ट्यात गोळा होतो. काठ चिखलाचा होतो. वरून वाळलेला दिसणारा गाळ पाय टाकला की गुडघ्यापर्यंत ओढतो. या महिन्यांत मुलांना एकटं काठाशी सोडू नका.

उजनीचं वेगळं सांगायला हवं. भिगवणच्या बाजूला मासेमारी हा पूर्ण वेळचा धंदा आहे, चिलापी तिथं खच्चून मिळते आणि हॉटेलांतली तळलेली चिलापी चांगली असते. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसाठी लोक येतात, तेव्हा होड्या पक्षी बघायला जातात, त्याच होडीत रॉड काढू नका. आणि लाइफ जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवू नका. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. उजनीचं पाणी उथळ वाटतं, पण उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटला की लाटा समुद्रासारख्या येतात. सकाळी दहाच्या आत होडी काठाला हवी.

एकूण निकाल: तंबूसाठी जायचं असेल तर जरूर जा. फिशिंगसाठी जायचं असेल तर तंबूवाल्याला मधे न घालता संस्थेकडं जा. स्थानिक सभासद सोबत घेतलात तर तो पावतीही देतो, जागाही दाखवतो, आणि पैसा जिथं जायला हवा तिथं जातो.

खासगी तळी

कायद्याच्या बाजूनं हा सगळ्यात सुटसुटीत प्रकार. तळं खासगी, मासे मालकानं सोडलेले, विणीच्या बंदीचा प्रश्न येत नाही. नवख्यांना, मुलांना इथूनच सुरुवात करू द्या. मात्र एक गोष्ट बघा: तळ्यात काय सोडलंय. रोहू, कटला, सायप्रिनस, पंगास, रूपचंद असेल तर ठीक. आफ्रिकन मांगूर असेल, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तर निघून या. त्याच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे, २०१९ मध्ये हरित लवादानं पुन्हा कान पिळल्यावर उजनीच्या परिसरात विभागानं तळीच्या तळी नष्ट केली. ओळख अशी: मिशा आठ, अंग मार्बलसारखं ठिपकेदार, डोकं रुंद आणि चपटं, वजन किलोच्या बरंच पुढं. देशी मांगूर तांबूस-काळसर आणि लहान चणीचा.

ढगाळ दिवसांच्या ओळीनंतर तळ्यात प्राणवायू कमी पडतो, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसतात. असे दिसले की त्या सकाळी ते आमिषाकडं बघणार नाहीत. तासाचे पैसे भरण्याआधी पाण्यावर एक नजर टाका. आणि ‘लागलेला मासा घ्यावाच लागेल’ ही अट आधी विचारून घ्या, सात-आठ किलो पंगास घरी न्यायची वेळ येते.

कोकण: महाग, पण नियम पाळणारा सापडला तर पैसे वसूल

कोकणातल्या चांगल्या गाइडची खूण ही की तो तुमची तारीख न घेता आधी तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आजही बरोबर येतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दुपारची तीच, पहाटेचीही जवळपास तीच, आणि मधे सहा तासांवर ओहोटी. रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते. खडकावरून गळ टाकायला भरती चढत असतानाचे शेवटचे दोन तास चांगले. पण ज्या वाटेनं खडकावर गेलात ती वाट भरतीला पाण्याखाली जाते का, हे ओहोटीला बघून ठेवायचं काम गाइडचं. उधाणाच्या दिवशी खडकावरची फेरी ठेवणारं पॅकेज नको, त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी बसावं, जिताड्याची शक्यता तिथंच.

शनिवार-रविवारच धरायचा असल्यामुळं पुणेकरांना तिथी निवडता येत नाही, हे खरं. मग निदान ठिकाण तिथीप्रमाणं बदलणारा माणूस निवडा.

बोटीवर जे लागेल त्याला आता किमान आकाराचा नियम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं ५४ प्रजातींसाठी किमान लांबी ठरवली. त्याच सुमारास पापलेटला राज्य मासा केलं, आणि त्याची किमान लांबी १३५ मिलिमीटर. मोबाइलपेक्षा आखूड पापलेट ताटात आलं तर ते चुकीचं आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गळाला पापलेट क्वचितच येतं, तरी बोटीवर मोजपट्टी आहे का हे बघावं, असली तर नाखवा नियम मानतो असं समजायला हरकत नाही. व्हेल शार्क, समुद्री कासव, समुद्रघोडा हे वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. कासव गळात अडकलं तर दोरा कापून सोडायचं, बोटीत घेऊन सेल्फी काढायचा नाही. आणि रात्री एलईडी दिवे पाण्यात सोडून मासे गोळा करण्याची ‘नाइट फिशिंग’ कोणी विकत असेल तर ती २०१७ पासून बंद आहे, थेट नाही म्हणा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघा. पुण्यात आकाश निरभ्र असतं म्हणून लोक भांडतात, पण लाटा लांबच्या वादळाच्याही येतात. इशारा लागला की बोट रद्द, आणि अशा रद्दीला पूर्ण पैसे परत, हे बुकिंगच्या संदेशात लिहून घ्या. ‘त्याऐवजी डॉल्फिन सफारी’ ही बदली चालवून घेऊ नका, इशाऱ्यात तीही निघायला नको.

महिन्यांचा अंदाज असा: सप्टेंबरचा उत्तरार्ध सुरू झाला की पाणी शांत व्हायला लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबर सुरमईसाठी बोट घ्यावी. मार्च-एप्रिलला पाणी स्वच्छ, तेव्हा खडकावरून लूर (नकली आमिष) टाकायला मजा, तांबोशी आणि हेकरू लागतात. मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करूच नका, लाटा उठायला लागतात आणि फेऱ्या कधीही बंद होतात.

परतीला ताम्हिणीतून चार-पाच तास लागतात. माशाच्या वजनाएवढा बर्फ, थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फाचा एक माशाचा, वरचा थर बर्फाचाच. पोट तिथंच साफ करून घ्या. बंदरावरून विकत घेऊन ‘आपण धरले’ म्हणून आणायचे असतील तरी बर्फ एवढाच लागतो.